उजव्या खांद्याची रायफल

माझी मुलगी एअर रायफल शूटिंग करते, हे मी इथे ओमानमध्ये, सोहारला, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कॅन्टीनमध्ये, साइटच्या बसमध्ये, एकदा तर दात काढायला गेलो तेव्हा डेंटिस्टलासुद्धा. सांगताना माझी छाती जरा पुढे यायची. तिला शूटिंग करताना मी एकदाही पाहिलेलं नव्हतं, हे मात्र कोणाला सांगितलं नाही.

इथली पद्धतच तशी आहे. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की बायका-मुलं भारतात जातात आणि बाप मागे राहतो. बाहेर पन्नास डिग्रीकडे झुकलेला पारा, घरात एसी, आणि फ्रीजमध्ये बायकोने करून ठेवलेल्या आमट्यांचे डबे. याला आम्ही त्याग म्हणतो. एकमेकांना फोन करून विचारतो, "काय, तुझीही गेली का फॅमिली?" आणि आवाज दुःखी ठेवतो. मग शुक्रवारी चौघे जमून बिर्याणी मागवतो, क्रिकेट बघतो आणि दुपारभर लोळतो. हा त्याग मी अनेक उन्हाळे केला आहे. त्यात मला एका दिवसाचाही त्रास झालेला नाही.

बायकोचं माहेर कोल्हापूरचं. मुलगी सातवीत असताना तिथल्या मामेभावाबरोबर सहज म्हणून रेंजवर गेली आणि तिथेच अडकली. त्यानंतर प्रत्येक सुट्टीत रोज सकाळी रेंज. तिथल्या सरांना ती पोर आवडली. अडचण एवढीच, की सुट्टी संपली की रायफलही संपायची. ओमानमध्ये आमच्यासारख्या माणसाने घरात एअर रायफल ठेवण्याचा विचारही करू नये. त्यामुळे उरलेले दहा महिने तिचा सराव म्हणजे नुसतं होल्डिंग. होल्डिंग म्हणजे रायफलएवढं वजन खांद्याला लावून, कोपर कमरेवर टेकवून, पुतळ्यासारखं उभं राहणं. सरांचं म्हणणं असं, की छर्रा सोडणं हा खेळाचा सगळ्यात सोपा भाग आहे. हलायचं नाही, हाच खेळ आहे.

आमचं घर मस्कतला, अल हैल भागात. मी आठवडाभर सोहारला कंपनीच्या व्हिलात राहतो आणि गुरुवारी संध्याकाळी गाडी हाणत घरी येतो. अशाच एका गुरुवारी मी आलो, तर मुलगी हॉलमध्ये फरशी पुसायच्या मॉपचा दांडा धरून उभी. दांड्याला पाण्याची बाटली चिकटपट्टीने बांधलेली. मी हसलो.

"हसू नकोस ना बाबा. धिस इज सीरियस. जूनमध्ये ट्रायल आहे."

ते खरंच गंभीर होतं. तिची दहावी चालू होती. अकरावीपासून एंट्रन्सचे क्लास, आणि बायकोने स्पष्ट सांगून टाकलं होतं: जूनच्या चाचणीत कोल्हापूरच्या क्लबच्या संघात निवड झाली तर क्लास सांभाळून पुढे खेळावं; नाही झाली तर रायफल बंद, पुस्तकं चालू. मुलीने ते मान्य केलं होतं. म्हणजे त्या एका सकाळवर तिचं सगळं टांगलेलं होतं, आणि त्यासाठी तिची तयारी काय, तर मॉपचा दांडा.

"मी तुला रायफल बनवून देतो," मी म्हणालो. "डमी. वजन, लांबी, सगळं अगदी खऱ्यासारखं. फक्त उडणार नाही."

"तुम्ही?" बायको आतून म्हणाली. त्या एका शब्दात तिने आमचा सगळा संसार बसवला होता. किचनमधला नळ, बाथरूमची कडी, पडद्याचा रॉड, ही सगळी कामं मी बांगलादेशी मिस्त्रीला फोन करून करतो.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. आणि म्हणजे मी नेमकं काय करतो, तर मी क्वालिटीत आहे. दुसऱ्याने बनवलेली वस्तू चुकीची आहे, असं लिहून खाली सही करण्याचा मला पगार मिळतो. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये कानस हातात धरली होती ती शेवटची. माझ्या पिढीचे गल्फमधले बहुतेक इंजिनिअर असेच आहेत. आम्हाला हाताने काही येत नाही, आणि ते न येणं हीच आम्ही आमची बढती समजतो.

तर मी सुरुवात केली ती अर्थातच लाकडाने नव्हे, कॉम्प्युटरने. नेटवरून एका परदेशी कंपनीचा कॅटलॉग उतरवला. त्यात त्यांच्या टार्गेट रायफलचं मापांसकट चित्र होतं. ते मी ड्रॉइंगमध्ये काढलं. तिन्ही बाजूंनी. टॉलरन्स, म्हणजे माप किती चुकलं तर चालेल ते, टाकले. लाकडाच्या दस्त्याला अर्धा मिलिमीटर टॉलरन्स टाकणारा मूर्ख मी जगात बहुधा एकटाच असेन. ऑफिसच्या प्रिंटरवर मोठ्या कागदावर छापलं, आणि तो कागद व्हिलातल्या जेवणाच्या टेबलावर पसरला.

माझ्याबरोबर राहणारा एक नागपूरचा आहे, मेंटेनन्समधला. त्याने ताट बाजूला सरकवलं आणि कागदाकडे पाहिलं.

"काय बे, लढाई लागली का कुठं?"

"मुलीसाठी करतोय. सरावाला."

"तिचं माप घेतलं?"

"कॅटलॉगमध्ये आहे ना सगळं."

"अबे, कॅटलॉग थोडी धरून उभा राहणार आहे रायफल." तो पोळीचा तुकडा मोडत म्हणाला. "शर्ट शिवताना टेलर कॅटलॉग पाहते का?"

मला त्याचा राग आला. हा माणूस दिवसभर ग्रीसमध्ये हात घालतो आणि मला डिझाइन शिकवतोय, असं मी मनात म्हटल्याचं आठवतं. मोठ्याने म्हणालो, "हे स्टँडर्ड असतं रे." स्टँडर्ड हा शब्द उच्चारला की आमच्या क्वालिटीतल्या लोकांना विचार करायची गरज उरत नाही.

सनैयातून, म्हणजे तिथल्या वर्कशॉपांच्या वस्तीतून, मी सागाच्या जाड फळ्या आणल्या. नळीसाठी अ‍ॅल्युमिनियमची भरीव कांब. छिद्र नाही, काही नाही, नुसतं वजन. पहिल्या फळीला मी करवत लावली आणि ती रेषा सोडून अशी गेली की शेवटी त्या फळीचा बूट ठेवायचा स्टँड झाला. दुसरीला दस्त्याचा आकार आला, पण मुठीजवळ मी कानशीने इतकं खाल्लं की ती तिथे कडकन मोडली. तिसरी टिकली. बोटांना फोड आले, ते फुटले, मग तिथली कातडी घट्ट झाली. त्या घट्ट कातडीवर मी जो अंगठा फिरवत बसायचो, तो प्रकार आठवला की आजही लाज वाटते. मीटिंगमध्ये समोर रिपोर्ट चालू आणि मी टेबलाखाली स्वतःचे घट्टे कुरवाळतोय. जणू मी आयुष्यभर कष्टच केले.

मूठ मी फार मन लावून केली. चार बोटं नीट बसतील अशा खाचा, अंगठ्याला विसावा, तळहाताला फुगवटा. गाल टेकायची जागा उतरती घासली, मऊ कापडाने पुसली, पुन्हा घासली. व्हार्निशचे हात दिले. आमच्या खात्यातल्या एका ओमानी सहकाऱ्याने एकदा येऊन ती पाहिली. त्याच्या आजोबांची जुनी बंदूक गावी लग्नात नाचवतात, त्यामुळे त्याला कौतुक वाटलं. मग तो गंभीर झाला आणि हिंदीत म्हणाला, "सदीक, दोस्त, इसको गाडी में ऐसे मत ले जाना. पीला रंग मारो, कपडे में बांधो. पुलिस देखेगा तो तुम्हारा खलास." म्हणून नळीला पिवळा रंग दिला. दस्त्याला दिला नाही. त्यावरचं माझं व्हार्निश झाकलं गेलं असतं.

घरी नेण्याआधी मी तिचे फोटो काढले. मुलीचे नव्हे, रायफलचे. आणि कॉलेजच्या बॅचच्या ग्रुपवर टाकले. "हाडाचा इंजिनिअर!" "यू स्टिल गॉट इट!" "बाप असावा तर असा!" हे लिहिणाऱ्यांतल्या एकाने तरी गेल्या वीस वर्षांत खिळा ठोकला असेल का, मला शंका आहे. पण मी प्रत्येकाला हात जोडल्याची खूण पाठवली आणि गाडी चालवताना सिग्नलला थांबलो की पुन्हा उघडून वाचत राहिलो.

अल हैलला पोचलो, चादर सोडली आणि रायफल मुलीच्या हातात दिली. ती काही क्षण नुसती बघत राहिली. मूठ धरली, सोडली. रायफल फिरवून दुसऱ्या बाजूने पाहिली. बायको पदराला हात पुसत बाहेर आली होती. तिने तोंड उघडलं. मुलीने तिच्याकडे पाहिलं आणि ती गप्प झाली. मी हे सगळं पाहिलं आणि मला वाटलं, दोघी भारावल्या आहेत.

"आवडली?"

"खूप छान आहे, बाबा. थँक यू. लाइक... तू खरंच बनवलीस?"

तिने ती उजव्या खांद्याला लावली आणि उभी राहिली. मी तिला रायफलने नेम धरताना आयुष्यात प्रथमच पाहत होतो. रायफलचं टोक चांगलंच थरथरत होतं.

"होईल हळूहळू," मी म्हणालो. "नवीन आहे ना."

पुढचे कित्येक शुक्रवार मी नाश्ता झाला की सोफ्यावर बसून तिचा सराव बघायचो. बघायचो एवढंच नाही, सल्ले द्यायचो. गुरुत्वमध्य कुठे आहे, पाय किती अंतरावर हवेत, श्वास कधी सोडायचा. हे सगळं मी आदल्या दिवशी नेटवर वाचलेलं असायचं. ती "हो बाबा" म्हणायची. तिची पाठ दुखायला लागली. मी तिला स्प्रे आणून दिला.

सरांना ती दर आठवड्याला व्हिडिओ पाठवायची. एप्रिल उजाडला असेल, तेव्हा एका शुक्रवारी सरांचा मला फोन आला. मला, याचंच मला नवल वाटलं. मी त्यांच्याशी यापूर्वी कधी बोललो नव्हतो.

"साहेब, नमस्कार. पोरीला काय झालंय का ओ? आजारी बिजारी?"

"नाही. का?"

"न्हाई, पहिल्या वर्षी आली होती तवासुद्धा याच्यापेक्षा बरी उभी राहत होती. आन दुसरं म्हंजे, तिच्या शर्टावरची अक्षरं उलटी का दिसालीत? आरशातल्यागत?"

मला काही कळेना. मी मुलीला हाक मारली आणि फोन स्पीकरवर टाकला. ती शाळेच्या हाउसचा टी-शर्ट घालून आली, छातीवर हाउसचं नाव.

"काय गं," सर म्हणाले, "व्हिडिओ उलटा करून पाठवालीस काय मला?"

तिने छातीवरच्या अक्षरांवर हात ठेवला.

"कंच्या खांद्याला लावतीस सध्या?"

"राइट," ती अगदी हळू म्हणाली.

मग सर म्हणाले, "साहेब, तुमची पोर डाव्या खांद्यानं मारती. तिचा डावा डोळा पक्का हाय. पहिल्या दिवसापासनं डावीच हाय ती. तुम्हास्नी ठाऊक न्हाई?"

ठाऊक नव्हतं. ती जेवते उजव्या हाताने, लिहिते उजव्या हाताने. कॅटलॉगमधली रायफल उजवी होती. बोटांच्या त्या सुंदर खाचा, तो अंगठ्याचा विसावा, गालाची उतरती जागा, सगळं उजव्याचं. डाव्या बाजूने ती रायफल धरताच येत नव्हती, इतकी मी ती अचूक बनवली होती.

"का नाही सांगितलंस?" फोन ठेवल्यावर मी तिला विचारलं. माझा आवाज चढला होता. चूक माझी असली की माझा आवाज चढतो.

"तू इतका हॅपी होतास."

"अगं, पण तुझी ट्रायल!"

"आय नो. मला वाटलं, निदान वजनाची सवय होईल. आणि सर तुला ओरडले असते, म्हणून मी फ्लिप केलं."

मी बायकोकडे वळलो. "आणि तुला माहीत होतं."

"होतंच की. मी त्याच दिवशी सांगणार होते, हिने शपथ घातली." मग तिने मला जे सुनावलं ते अगदी शांतपणे. "अहो, दर उन्हाळ्यात मी तुम्हाला फोटो पाठवते. बघितले असते तर मी कशाला सांगायला हवं होतं?"

मी बाल्कनीत जाऊन फोनमधले जुने फोटो काढले. फोटो होते, भरपूर होते. जाड जॅकेट घातलेली माझी मुलगी, गाल दस्त्याला टेकलेला, एक डोळा झाकलेला. प्रत्येक फोटोत रायफल डाव्या खांद्याला. आणि प्रत्येक फोटोखाली माझं लाल हृदय, "प्राउड ऑफ यू", "वाघीण". काहींखाली तर फोटो आल्याच्या मिनिटाला. मी हे फोटो पाहिलेच नव्हते. मी ते पोचल्याची पावती दिली होती.

त्यानंतर मी जे केलं ते आधीच्यापेक्षा भिकार होतं. मी आत गेलो आणि म्हणालो, "काळजी करू नकोस, मी दुसरी बनवतो. लेफ्ट हँडेड. आता हात बसलाय माझा. ड्रॉइंग नुसतं उलटं करायचं."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. राग चालला असता.

"बाबा, तू परत दोन महिने लावशील. ट्रायल होऊन जाईल. करवत आहे का गाडीत?"

करवत होती. ती आम्ही बाल्कनीत आणली. तिने रायफल कठड्यावर आडवी धरली आणि मी मूठ कापायला घेतली. मूठ बराच वेळ निघेना. गालाची जागा कानशीने दोन्हीकडून सपाट केली, व्हार्निशचा भुगा आमच्या पायांवर पडत होता. सगळं संपल्यावर जे उरलं ते जाड, बोथट दांडकं. तिने त्यावर जुना टॉवेल गुंडाळला, वरून सायकलच्या हँडलची टेप लावली, आणि डाव्या खांद्याला घेऊन उभी राहिली.

"आता मला सांग," मी म्हणालो, "कुठे बोचतंय."

"कुठेच नाही. जरा सरक ना बाबा, तू भिंतीच्या समोर उभा आहेस. मला तिथे नेम धरायचाय."

मी सरकलो. त्या दिवसापासून मी सोफ्यावरून एक शब्दही बोललो नाही. हे मी मोठं काम केलं, असं मला पुष्कळ दिवस वाटत राहिलं. गप्प बसण्याचंही मला श्रेय हवं होतं.

जूनमध्ये मी रजा टाकली. प्लांट बंद ठेवून दुरुस्ती करायच्या, म्हणजे शटडाउनच्या तोंडावर रजा म्हटल्यावर मॅनेजरने दोनदा "इन्शाल्ला" म्हटलं, म्हणजे नाही. मी एचआरमध्ये जाऊन बसलो, तेव्हा मिळाली. कोल्हापूरला सासुरवाडीत सगळ्यांना आश्चर्य. "यंदा जावईबापूंनी बरी वाट वाकडी केली," सासरे म्हणाले. मी हसलो आणि तो टोमणा अंगावर घेतला.

चाचणी रेंजवरच होती. लांबट शेड, एका बाजूला मुलं-मुली ओळीने उभी, मागे दोरी, दोरीमागे आम्ही आईबाप. समोर दूरवर कागदाचे छोटे काळे ठिपके. बघण्यासारखं काही नसतं त्या खेळात. कोणी पळत नाही, कोणी ओरडत नाही. मी तिच्या पाठीकडे पाहत होतो. तिने रायफल उचलली, डाव्या खांद्याला लावली, गाल टेकवला, आणि अख्खी शांत झाली. इतकं शांत मी तिला झोपेतही पाहिलं नव्हतं. मला रडू यायला लागलं. शेजारी बसलेल्या कुणाच्या तरी बापाने मला पाण्याची बाटली दिली. त्याला वाटलं, मला उकडतंय.

सुरुवात चांगली गेली, हे सरांच्या डुलणाऱ्या मानेवरून कळत होतं. अर्ध्यानंतर ती रायफल उचलायची, धरायची, आणि छर्रा न सोडताच खाली ठेवायची. पुन्हा उचलायची. सर पुटपुटले, "अगं सोड की." वेळ संपत आली तशी तिने उरलेले घाईघाईने सोडले.

संध्याकाळी संघाची नावं वाचली. तिचं नव्हतं. सर म्हणाले, "थोडक्यात ग्येलं." बायकोने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि स्वतः चपला शोधायला लागली, कारण आता काय होणार हे तिघांनाही माहीत होतं, आणि ते तिथे बोलायचं नव्हतं.

मुलगी बाकावर बसून जॅकेटचे पट्टे सोडवत होती. मी तिच्याजवळ गेलो. विमानात बसल्यापासून मी जे बोलायचं ठरवत होतो, ते बोललो.

"माझ्यामुळे झालं. ते सगळे महिने तू चुकीच्या खांद्याला... मीच वाया घालवले. मी स्वतःला कधी माफ..."

"बाबा, प्लीज." तिने मान वर केली. ती रडली होती, डोळे लाल होते, पण आवाज कोरडा होता. "सगळं तुझ्यामुळे नसतं. एप्रिलपासून मी लेफ्टनेच करत होते. माझा होल्ड आला होता. आज मी घाबरले. शेवटचे शॉट्स मी... काय म्हणतात... घाईत मारले. मी वाईट खेळले. ते तरी माझं राहू दे ना."

"हे धर," ती म्हणाली आणि जॅकेट माझ्या हातावर टाकलं. ते माझ्या कल्पनेपेक्षा बरंच जड होतं, आणि घामाने ओलं. ती उठून सरांकडे गेली, त्यांच्या पाया पडली आणि त्यांच्याशी काहीतरी बोलू लागली. काय, ते दोरीच्या या बाजूला ऐकू येत नव्हतं. मी जॅकेट धरून उभा राहिलो.